पिठाचे हात

मी नोकरीसाठी बंगळुरला निघाले, त्या दिवशी गाडी हलली तेव्हा फलाटावर सगळ्यांनी हात हलवले, अव्वानं नाही. आईला आम्ही अव्वा म्हणतो. मे महिना होता, तरी तिनं पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता आणि हात पदरात गुंडाळले होते. बाबांनी खिडकीतून कडक भाकऱ्यांचं पुडकं दिलं. होटगी स्टेशन मागं पडलं तरी ते माझ्या मांडीवरच होतं.

अव्वाच्या हातांवर कोड आहे. घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, डाग म्हणतात. पाहुणे आले की ती ज्वारीच्या पिठाची परात पुढं ओढायची. पिठानं माखलेल्या हातांवर डाग दिसत नाहीत. त्यामुळे आमच्याकडून कुणी भाकरी खाल्ल्याशिवाय गेलं नाही.

सातवीत शाळेतून हेल्थ फॉर्म आला. घरातलं इंग्रजी लिहिणं माझ्याकडं असायचं. ‘इज एनी फॅमिली मेंबर सफरिंग फ्रॉम’ या ओळीपुढं मी रोगाचं नाव डिक्शनरीत बघून लिहिलं.

“काय लिवलीस गं?”

“तुला कोड आहे, ते तू सोसतेस, असं.”

“मी? दुखत न्हाय, खाजत न्हाय. तरास बघणाऱ्यांना हाय की. त्यांची नावं लिव.”

ती हसली. मी काही खोडलं नाही. त्या वर्षी पेरेंट्स मीटिंगला फक्त बाबांना येऊ दे, असं मीच म्हणाले. ती “बरं” म्हणाली. नंतरही कधी आली नाही.

आता मी बंगळुरात आहे. इथं लोक ट्रॅफिकमुळं ‘सफर’ करतात, स्लो लॅपटॉपमुळंही करतात. गेल्या महिन्यात माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, पांढरा ठिपका दिसला. डॉक्टरांनी नाव सांगितलं. त्याचं स्पेलिंग मला सातवीपासून पाठ होतं. मी रुंद पट्ट्याचं घड्याळ घेतलं. ऑफिसच्या इन्शुरन्स फॉर्मवर तीच ओळ आली, तेव्हा फॉर्म आठ दिवस तसाच ठेवला. भीती फॉर्मची नव्हती. ‘माझ्यामुळं तुला झालं’, असं अव्वा म्हणेल, याची होती.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ती भाकऱ्या थापत होती. मी घड्याळ काढून मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं.

“पीठ लागलंय काय गं?”

“नाही, अव्वा.”

ती उठून गेली. नळाचा आवाज आला. मग तिनं दोन्ही ओले हात कॅमेऱ्यासमोर धरले. इतक्या वर्षांत ते असे उचललेले मी पाहिले नव्हते.

“दुखतंय?”

“नाही.”

“मग ते घड्याळ घालू नको. घाम येतो त्याच्याखाली.”

फॉर्म मी भरला. रोगाचं नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, दुखत नाही, असं इंग्रजीत लिहिलं.

दिवाळीचं तिकीट काढलंय. हात धुऊन बसता येतं ते घर, एवढंच आता मला कळतं. अव्वा स्टेशनवर येणार आहे. ती हात हलवेल की नाही, माहीत नाही. मी मात्र गाडीच्या दारातूनच हलवणार आहे, घड्याळ न घालता.