बनुबाईचं चाक

यज्ञेश्वर मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच यंत्र बनवलं, आणि त्या यंत्राने चौथ्याच दिवशी एक मुलगी आडवी केली.

यंत्र कसलं, प्लायवूडचं दोन फुटी चाक. मध्ये खिळा, वर भिंतीवर एक बाण. महाडात चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर मुलींचं वसतिगृह होतं, त्याच्या जेवणाच्या पडवीत ते टांगलेलं होतं. मास्तर शेजारच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि कवायतीचे मास्तर सदा रजेवर असल्यामुळे कवायतही घ्यायचे. एका खिशात खडू, दुसऱ्यात शिट्टी. एकोणऐंशीच्या जानेवारीत शाळेने त्यांना अलिबागला तीन दिवसांच्या आहार-शिबिराला धाडलं. कारण एवढंच, की बाकीच्या सगळ्यांना नेमकी तेव्हाच घरची कामं निघाली होती.

मास्तर परत आले ते डोक्यात जीवनसत्त्वं भरून. रेक्टर प्रमोदिनीबाई सहज म्हणाल्या, "मुली धड जेवत नाहीत हो. बघून कळेल असं काहीतरी करा ना." बस्स. मास्तरांना कोणी असं काम सांगितलं की त्यांच्या चपला जमिनीपासून चार बोटं वर चालू लागत. त्या संध्याकाळी सावित्रीवर धुकं उतरत होतं, पलीकडचा डोंगर पाण्यात विरघळत होता, आणि मास्तर काठावर उभे राहून त्या धुक्यात एक चाक फिरताना बघत होते. घरी भाजी न्यायची ते साफ विसरले.

चाकावर हिरव्या रंगात एक भाकरी काढली होती, खाली 'उत्तम'. पिवळ्यात दोन, 'पुरे'. लाल रंगात तीन भाकऱ्या, 'अति', आणि शेजारी एक लठ्ठ बाई. ही बाई मास्तरांनी अगदी निर्मळ मनाने काढली होती, पण ती प्रमोदिनीबाईंसारखी दिसते हे पडवीतल्या चोवीस मुलींना पहिल्याच दिवशी कळलं आणि प्रमोदिनीबाईंना दुसऱ्या. आता हे हिशेब कचेरीत बसून काम करणाऱ्या मंडळींसाठी आहेत, वाढत्या मुलींसाठी नव्हेत, असं शिबिरात स्पष्ट सांगितलं होतं. पण ते सांगितलं जात असताना मास्तर खिडकीतून समुद्र बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला दहावीतली कमळा उभ्याउभ्या कोसळली. ती वरंधच्या वरच्या वाडीतली. शिडशिडीत, गणितात हुशार, वर्गात नाव घेतलं की आधी दचकायची आणि मग बरोबर उत्तर द्यायची. मुली ओरडल्या, चाक बघायला आलेल्या मास्तरांनी काय करावं हे न सुचून शिट्टी वाजवली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बनुबाई बाहेर आली. मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, गुळाचं पाणी ओठाला लावलं, आणि मान वर करून चाकाकडे पाहिलं. मास्तरांकडे नाही, चाकाकडे. ते मास्तरांना जास्त लागलं.

प्रमोदिनीबाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. "परीक्षा दोन महिन्यांवर आलीय," त्या म्हणाल्या. "पुन्हा पडली तर मी जबाबदारी घेणार नाही. वडिलांना बोलावून घरी पाठवेन." घरी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोलादपूरचं एक स्थळ दिवाळीपासून खोळंबून होतं आणि कमळाचे वडील हैबती मुलीची परीक्षा संपायची वाट जरा नाइलाजानेच बघत होते. एकदा घरी गेलेली पोर पुस्तकाकडे परत येणार नव्हती.

मास्तरांनी त्या दिवशी शाळेत मडक्याचं चित्र काढायला दिलं आणि स्वतः पाठमोरे उभे राहून फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

बनुबाईबद्दल थोडं सांगायला हवं. पन्नाशीची, काळीसावळी, मनगटं पुरुषासारखी. वरंधच्याच बौद्धवाडीतली. चौथीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून शाळेतून उठवली, ती चुलीपाशी बसली. नवरा रस्त्याच्या कामावर होता, तो घाटातच तापाने गेला. वसतिगृह उघडलं त्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली होती, "भाकऱ्या करता येतात, बोलता येत नाय. चालंल का?" बावीस वर्षं तिने तो करार पाळला होता. तिची भाकरी थापण्याची लय तळ्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू यायची; मास्तर तर सकाळी त्या ठेक्यावर दाढी करायचे. आणि ती उभ्याने जेवायची. चुलीशी, भिंतीला खांदा टेकून, पाच मिनिटांत.

दुपारी मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. माफी मागायला आले होते, पण सुरुवात कशी करावी ते जमत नव्हतं, म्हणून जीवनसत्त्वांबद्दल बोलू लागले. मुलींना लोह कसं हवं, नाचणीत हाडांना लागणारा चुना कसा असतो, याचं एक लांबलचक स्वप्न त्यांनी बनुबाईला ऐकवलं. ती वाल सोलत होती.

"तुम्ही केव्हा जेवता हो बनुबाई?" मास्तरांनी मध्येच विचारलं.

"तुमी उठलात की."

मास्तर गडबडीने उठले. तेव्हा तिने पाट पुढे सरकवला. "बसा आता. आलाव तर ऐका. तुमच्या चाकानं नाय पडली पोर. तिला निमित्त गावलं."

"म्हणजे?"

"ती आधीपासूनच एक खाते. दुसरी वाढाया गेलं की हात आडवा. मी काल इचारलं, का गो? तर म्हनते, बनुमावशी, घास उचलला की आय दिसते. आय सगळ्यांच्या मागनं खाते, टोपल्याचं बूड खरवडून. ती तिकडं खरवडते नि मी हितं दुसरी भाकर घेऊ?" बनुबाईने वालाचं साल उडवलं. "चोवीसातल्या अठरा तशाच. कोन बोलत नाय."

आपण तीन रंगांचे डबे खर्ची घातले आणि मुलींना काय वाटतं हा रंग आपल्याकडे नव्हताच, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. ते वाक्य त्यांना आवडलं आणि म्हणून स्वतःचाच राग आला.

"मग आता? चाक काढून टाकू?"

"टाकू नका. मजबूत हाय. उलटं करा," बनुबाई म्हणाली. "नि त्या जाड्या बाईला आधी पुसा. बाईंना झोप नाय."

आता बनुबाईची कल्पना अशी होती. चाकाच्या कोऱ्या बाजूवर चोवीस मुलींची नावं लिहायची. दर बाजाराच्या दिवशी चाक फिरवायचं. बाणापाशी जिचं नाव थांबेल, तिच्या आईला पुढच्या बाजारी जेवायचं आमंत्रण. नाहीतरी गावोगावच्या बाया बाजाराला येतातच, डोक्यावर भारा घेऊन, आणि उपाशीच परत चढ चढतात. इथे येऊन मुलींच्या पंगतीत बसायचं, पोटभर जेवायचं आणि जायचं. एक आई रांगेत बसून जेवताना दिसली, की बाकीच्या तेवीस जणींच्या घशाखाली घास उतरेल.

मास्तर पुन्हा चार बोटं वर गेले. चोवीस भाग, प्रत्येकी पंधरा अंश! कंपास घेऊन ते दोन संध्याकाळी पडवीत बसले. बाहेर तळ्याच्या पाण्यात दिवे लागत होते, आतून थापण्याचा आवाज येत होता, आणि रेघेमागून रेघ ओढताना त्यांना वाटत होतं की हे चाक नव्हेच, खिळ्याला टांगलेला चंद्र आहे आणि त्याच्या भोवती चोवीस वाड्या झोपल्या आहेत. मुलींनी नावांच्या रंगावरून भांडणं केली. कमळाला विचारलं तर म्हणाली, "कोणताही द्या सर." मास्तरांनी तिला शेवाळी हिरवा दिला, तो त्यांनी स्वतःच्या चित्रासाठी राखून ठेवला होता.

पहिल्या बाजारी प्रमोदिनीबाईंच्या हस्ते चाक फिरलं. फिर फिर फिरलं, रेंगाळलं, जरा मागे झुललं, आणि थांबलं. कमळा.

निरोप गेला तो एस.टी.ने. भोरच्या गाडीवरच्या मुरारी कंडक्टरने वरंधच्या थांब्यावर दारात उभं राहून पुकारा केला, "वरच्या वाडीची राहीबाई! लेकीच्या बोर्डिंगात पुढच्या बाजारी जेवायला बोलावलंय! ऐकलं नाय असं सांगू नका, पुन्हा ओरडणार नाय!" आणि सुकट घेऊन वर निघालेल्या एका बाईने तो पुकारा अर्ध्या तासात वाडीवर पोचवला.

राहीबाई आली. वालाच्या शेंगांचा भारा विकून, पाय धुऊन, डोक्यावरचा पदर तीनदा सारखा करून ती पडवीत टेकली. लेक शेजारी. समोर ताट: वालाची आमटी, लाल तांदळाचा भात, नाचणीच्या दोन भाकऱ्या, कांदा. राहीबाईने ताटाकडे पाहिलं आणि हळूच एक भाकरी पदराखाली घेतली.

"हे काय गो?" बनुबाई.

"घरी न्हेते. धाकट्यांना."

"त्यांची बांधून ठेवलीय निराळी. ही खावा."

"कमळी खाऊ दे आधी."

"आये, तू खा आधी," कमळा म्हणाली.

"तू शिकनारी."

"तू चढ चढून जानार."

दोन्ही ताटं भरलेली, दोन्ही हात मांडीवर. आई लेकीकडे बघतेय, लेक आईकडे. पंचवीस ताटं निवत चालली. प्रमोदिनीबाईंनी घसा खाकरला, काही उपयोग झाला नाही. मास्तरांच्या डोळ्यांपुढे तर पोलादपूरचा मांडव उभा राहिला. चाक फसलं, पोर गेली.

बनुबाई पळी हातात घेऊन उभी होती. आमटीवर पापुद्रा धरायला लागला तसा तिचा धीर सुटला.

"दोघींनी एका टायमाला," ती म्हणाली. "मास्तर, शिट्टी हाय ना?"

"आहे की."

"मंग वाजवा. नि शिट्टीनंतर जिचा हात मागं ऱ्हाईल तिला मी भरवीन, सांगून ठेवते."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. कवायतीला आजवर हजार वेळा वाजवली असेल, पण अशी नाही. जरा कापरीच वाजली. दोन हात एकदम उठले. दोन घास एकदम तोंडात गेले. राहीबाईला हसू फुटलं, तिने पदर तोंडावर धरला, आणि मग कमळाला हसू आलं, मग रांगेला. त्यानंतर बराच वेळ पडवीत फक्त जेवणाचा आवाज होता. बाहेर फेब्रुवारीचं मऊ ऊन तळ्यावर पसरलं होतं, त्याचे कवडसे छताला हलत होते, आणि मास्तरांना ती पंगत पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती, हळू, चमचमती, कुठलीही घाई नसलेली. कमळाने दुसरी भाकरी घेतली. मग, कोणी न विचारता, तिसरी. मास्तरांच्या जुन्या हिशेबाने ती सरळ लाल रंगात गेली होती.

निघताना राहीबाईने धाकट्यांसाठी बांधलेली पुरचुंडी घेतली आणि उंबऱ्यात थांबून लेकीला म्हणाली, "मी जेवले गो. आता जेवताना माझं नाव काढू नको." एवढंच.

त्यानंतर दर बाजारी चाक फिरलं. कोणाची आई पोलादपूरहून आली, कोणाची आजी आली, एकीचे तर वडीलच आले आणि लाजत लाजत चार भाकऱ्या खाऊन गेले. ताटं रिकामी होऊन मोरीवर येऊ लागली. कमळा पुन्हा पडली नाही. मार्चमध्ये तिने सगळे पेपर दिले. गणिताच्या पेपरहून आली तेव्हा गालांवर शाईचे डाग होते, आणि डाग पडायला गाल होते.

परीक्षा संपल्यावर मुली घरी गेल्या. मास्तरांनी रंग ताजा करायला म्हणून चाक खिळ्यावरून काढलं. एकटेच होते. बाहेर तळं निवांत पडलं होतं, आणि आपण जगाला काहीतरी दिलं या भावनेने त्यांना छान गुंगी आली होती. एक गोष्ट मात्र त्यांना बरेच दिवस जाणवत होती. हे चाक विलक्षण शहाणं होतं. जी मुलगी त्या आठवड्यात अर्धी भाकरी टाकून उठे, नेमकं तिचंच नाव बाणाखाली येई. नशिबालाही भूक कळते, असं काहीतरी ते वहीत लिहून ठेवणार होते.

त्यांनी चाक उलटं केलं. पुसलेल्या लठ्ठ बाईच्या जागेजवळ, कडेला, सुक्या पिठाचा एक गोळा चिकटवलेला होता. चांगला लिंबाएवढा. त्यावर अंगठ्याचा ठसा. आणि त्याच्या मागेपुढे, सगळ्या कडेने, आधीच्या गोळ्यांचे खरवडलेले पांढरे डाग. आता मास्तर चित्रकलेचे असले तरी वजनाची बाजू खाली येते एवढं त्यांना कळत होतं. गोळा खाली, तर समोरचं नाव वर, थेट बाणाशी. पंधरा अंश, कंपास, चंद्र, नशीब, सगळं त्या गोळ्याने फिरवलं होतं.

ते चाक तसंच उचलून स्वयंपाकघरात गेले. बनुबाई पाटावर बसून जेवत होती. बसून. तिला तशी बघायची सवय नसल्यामुळे मास्तर क्षणभर दारातच अडखळले.

"बनुबाई, ही लबाडी झाली!" ते म्हणाले. "मी एकेक अंश मोजून रेघा मारल्या, मुली डोळे मिटून वाट बघायच्या, प्रमोदिनीबाई प्रामाणिकपणे फिरवायच्या, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून मागून पीठ लावत होतात?"

बनुबाईने घास सावकाश चावून गिळला.

"कमळी जेवली का नाय, तेवढं बोला."