स्टेडियम झालं तर ताऊ कुठून जाणार?

मंडळी, आजचंच सांगतो. गुडगावच्या ज्या कॉलेजात मी मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, तिथे नव्या स्टेडियमसाठी मोजणीवाले आले होते.

आमची फुटबॉल टीम साधी. मॅचला वीस माणसं जमत नाहीत. स्टेडियम कशाला? आधी गोलची फाटकी जाळी बदला ना.

हे मैदान पूर्वी गावातल्या एका ताऊंचं, इकडे म्हाताऱ्या माणसाला ताऊच म्हणतात, शेत होतं. जमीन गेली तरी रोज पाचला ते जुन्या बांधाच्या वाटेनं, म्हणजे मैदानाच्या मधूनच, काठी टेकत घरी जायचे. पोरं तेवढा वेळ खेळ थांबवायची. गेल्या महिन्यात ताऊ वारले.

आज पाचला खेळ थांबला. कुणी शिट्टी मारली नव्हती. मोजणीवाला साहेब ओरडला, "अरे, रुक क्यों गए?"

कॅप्टन हळूच म्हणाला, "सर, ताऊ जा रहे हैं."

मैदान रिकामं होतं. कुणी हसलं नाही. साहेबानंही ताणलेली टेप खाली सोडली आणि दोन पावलं मागे सरकला.

मी भूतबीत मानत नाही. पण नकाशात चारी बाजूंनी भिंत आहे. बांधाच्या दोन्ही टोकांना दार ठेवा, असं उद्या साहेबाला सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?