आईचा राग उतरला तेव्हा

माझा भाऊ गेला त्यानंतर आई रडली कमी आणि भांडली जास्त. जाम गावाच्या अलीकडे हायवेला लागून आमचं किराणा दुकान आहे. अंधार पडताना भाऊ पलीकडे निघाला आणि ट्रकने त्याला उडवलं. तिथे ना दिवा होता, ना गतिरोधक. तेरवी झाल्यावर आई वर्ध्याला रस्त्याच्या ऑफिसात गेली आणि साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर बसली. पुढच्या सोमवारी पुन्हा गेली. मग दर सोमवारी.

साहेब म्हणायचे, "बाई, प्रस्ताव वर गेलाय."

आई म्हणायची, "वर त माहा पोरगाही गेला साहेब. तो नाई आला वापस."

मी तेव्हा वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेत खोली करून राहत होते, एका शाळेत क्लार्क होते. सोमवारी आई माझ्याकडे जेवायला यायची. घसा बसलेला असायचा, पण भाकरी मोडत ती दिवसभराचं भांडण असं रंगवून सांगायची की मला तिचा अभिमान वाटायचा. घरी मात्र तिला झोप नव्हती. भावाचे धुतलेले शर्ट ती पुन्हा धुवायची. अंगावर मांस उरलं नव्हतं.

मामाला ते बघवेना. त्याच वर्षी वर्ध्यात ते केंद्र सुरू झालं होतं, जिथे मनातलं दुःख काढतात. आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही, तेव्हा वाटायचं. डोक्याला तारांची टोपी लावून घडलेलं सगळं सांगायचं. सांगता सांगता त्यातली कळ निघून जायची. आठवण तशीच राहायची. मामा म्हणाला, "ताई, तुले काई विसरायचं नाई आहे. फक्त दुखणार नाई." आई थकली होती, केंद्रात जायला तयार झाली. गेली.

काही बैठकांनंतर ती पोटभर जेवू लागली, रात्रभर झोपू लागली. मामा पेढे घेऊन आला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सोमवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी गावी गेले.

"ऑफिसात काऊन नाई गेली?"

"कायले जाऊ? लागतीन दिवे कवातरी."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि भावाबद्दल विचारू लागलं. आईने सगळं नीट सांगितलं. त्याच्या शर्टाचा रंग सांगितला, तो कुठे पडला तेही. आणि सांगताना तिचा हात साखर तोलत होता. काटा हललासुद्धा नाही. दुकानासमोर कुणी थुंकलं तर आधी त्याची सात पिढ्यांपर्यंत खबर घेणारी ही बाई. आता कुणी दमदाटी करून उधार नेलं तरी हसून "येजो" म्हणायची. सगळे म्हणायचे, किती छान झाली. मला ती घरात पाहुणी बसल्यासारखी वाटायची.

मग आई आणि मामा दोघं माझ्या मागे लागले. मला तेव्हा शाळेत काम करता करता रडू कोसळायचं. आईच म्हणाली, "तूही करून घे वो माय. कायले जळून राह्यली?" तिच्या शब्दाखातर मी गेले. टोपी डोक्यावर चढवली जात असताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, "रागही जाईल का?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या घटनेला चिकटलेलं सगळंच सैल होतं. वेगवेगळं करता येत नाही."

मी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. "मग राहू द्या. मला दोन्ही हवंय."

मामा बाहेर बसला होता. चिडला, "वेडी आहेस का? दुखणं कोणी सांभाळते?"

"मी सांभाळते," म्हटलं.

सोमवारी शाळेत सुट्टी टाकली आणि त्या बाकावर जाऊन बसले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आई नाही आल्या?"

"आई बरी झाली साहेब. मी नाई झाली. म्हणून मी आली."

मग दर सोमवारी तेच. हक्काच्या सुट्ट्या संपल्या तेव्हा शाळेने नोटीस दिली. मी नोकरी सोडून गावी आले, दुकानात बसू लागले आणि सोमवारची वर्ध्याची बस धरू लागले. शेजारच्या बायांना बोलावलं. आधी कुणी येईना, मग येऊ लागल्या. एकदा साहेबांची गाडी आम्ही फाटकातून बाहेरच पडू दिली नाही. त्या हिवाळ्यात खांब उभे राहिले, गतिरोधक झाले. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी त्या उजेडात उभी राहून मोठ्याने रडले. लोक बघत होते. बघू दिलं.

आई दारातून पाहत होती. मी आत आले तेव्हा तिने विचारलं, "मी बी अशीच रडत होती का वो? सगळं आठवते, पन कसं वाटे ते नाई आठवत."

"नाई. तू भांडत होती."

"कशी?"

मी पदर खोचला, काउंटरवर हात आपटला आणि तिच्या आवाजात ओरडले, साहेबांना ती जे जे बोलली होती ते सगळं. पोत्यावर बसलेली मांजर पळाली. आई परक्या बाईकडे बघावं तसं बघत राहिली. मग हसली. "बाप्पा! मस्त होती वो ते बाई."

"होती," मी म्हणाले. "पण तिचं सगळं माझ्यापाशी आहे."

आईने परात ओढली. भाजी निवडायला बसली. मीही तिच्याजवळ बसले. पलीकडच्या गावाच्या वळणावर अजून दिवे नाहीत. मामा म्हणतो, तिथे तुझं कोण गेलं? कुणी नाही. तरी सोमवारी मी जाणार.