मॅनेजरच्या तोंडी सरांचं वाक्य
फुटबॉलची आठवण म्हणल्यावर तुम्हाला वाटंल, हा आता मारलेला गोल सांगणार. न्हाई, मी फक्त टाइपिंग केल्तं. तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आला की अंबडचा तो नेटकॅफे आठवतो. नेटवरच्या ज्ञानकोशात कुणीबी लिहू शकतंय हे कळल्यापासून आमच्या पीटीच्या सरांनी विलायतेतल्या एका जुन्या फुटबॉल मॅनेजरचा, म्हणजे संघाच्या कोचचा, चार ओळींचा लेख वाढवायला घेतल्ता. ते पुस्तकातून सांगायचे, मी टाइप करायचो. सरांची नक्कल करण्यात मी वस्ताद. एकदा ते चहाला गेल्यावर मी मॅनेजरच्या तोंडी सरांचंच वाक्य घातलं, "पाय चालव गाढवा, तोंड न्हाई!" बाजूला बसलेले दोस्त पोट धरून हसले आणि ते वाक्य काढायचं राहूनच गेलं. आठ दिवसांनी पाहतो तर लेख परत चार ओळींचा. ज्ञानकोशाचे लेख तपासणाऱ्या कुणीतरी खाली लिहिल्तं, "एक वाक्य खोटं निघालं, बाकीच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" सरांची महिन्याची मेहनत गेल्ती. मी सरांपुढं सगळं कबूल केलं. सर हळूच बोलले, "माझी नक्कल कर, बिलकुल कर, मी बी हसतो. पण तो माणूस मरून गेला रे. 'मी असं बोललोच न्हाई' हे सांगायला तो कुठून येणार?"