चार पिवळी लेकरं आणि माझे दोन डोळे

परवा खडेबाजारात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता हसू येतंय, म्हणून लिहितेय...

दिराचा साखरपुडा होता. आमच्याकडे घरच्या कार्याला सगळ्या लेकरांचे कपडे एकाच ताग्यातले. बोरगावच्या नणंदेची तीन आणि माझी समू, चौघंही पिवळीधमक! कार्य आटोपल्यावर त्याच कपड्यांत मी त्यांना बाजारात नेलं. पिवळं म्हणजे गर्दीतही लांबून दिसणार... केवढी मी हुशार!

निघताना नणंद म्हणाली, "वहिनी, आमची पोरं लई वांड हायत. जरा लक्ष असू दे." झालं! दुसऱ्याची लेकरं म्हटल्यावर जास्तच धास्ती.

सुरुवातीला चौघं एकदम नजरेत राहत होती. एकाकडे बघतानाही बाकीची तिघं डोळ्यांच्या कोपऱ्यात हलताना कळायची. कोण कुठलं ते नाही हं, नुसतं पिवळं पिवळं...

मग नणंदेचा धाकटा रसाच्या गाड्याकडे पळाला. त्याला दंडाला धरून आणलं, वळून बघितलं, त्याच्यासकट चारही पिवळी जागेवर. हुश्श केलं. तेवढ्यात त्यातलं एक पिवळं वळलं... आणि चेहरा भलत्याच पोरीचा! समू नव्हतीच.

नणंदेच्या तिघांना ओळखीच्या बांगडीवाल्या आक्कांकडे बसवलं आणि "समू, समू" करत बाजारभर पळत सुटले. लोकांची पोरं सांभाळताना आपलीच हरवली, म्हणून स्वतःचा असा राग आला की विचारू नका. शेवटी हात हलवत परत फिरून आले.

आणि आक्कांच्या समोरच्याच भांड्यांच्या दुकानातून हाक आली, "आई, मी हितंच हाय की गं!" बाईसाहेब पायरीवर पाय हलवत बसलेल्या! चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, हे मीच शिकवलेलं. भर बाजारात तिला कुशीत घेऊन रडले.

"भ्या न्हाय वाटलं व्हय गं?"

"न्हाय. तूच पळायलीस इकडं-तिकडं. माझं लक्ष हुतं की तुझ्यावर!"

पुढच्या कार्याला चौघांना चार रंग, हे सासूबाईंना सांगून झालंय. पण रात्री समूच्या केसांतून हात फिरवताना तेच आठवत राहिलं... माझी नजर चौघांच्या मागे धावत होती, तिची एकट्या माझ्यावर होती. देवा, तिची तरी सुटली नाही, तुझे उपकार.