उंदीर वेगळा, घूस वेगळी

"उंदीर नाय, घूस हाय ती!" असं म्हणत काका उजवा तळहात डाव्या कोपरावर ठेवायचे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत घूस, आणि उंदीर म्हणजे नुसतं मनगटापुढचं. मधल्या अंतरावर तडजोड नव्हती.

एका शब्दापायी सगळ्यांशी भांडणारा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. आमचे काका मोरिवलीचे शेतकरी. निर्वासितांची छावणी वसून उल्हासनगर नुकतं नाव धरत होतं, तेव्हा तिथल्या धान्याच्या गोदामात उंदीर धरायला त्यांना हंगामी घेतलं होतं. मी तिथला कारकून.

"उंदीर कनसा खातो. घूस बांध फोरते, पानी जातं, मंग भात कुठला?" हा धडा त्यांनी मला रोज दिला. म्हणून वहीत मी इमानदारीने लिहिलं, 'गोदामात घूस फार वाढली आहे.'

नवे साहेब उत्तरेकडचे. वही वाचून ते पांढरेफटक पडले. हिंदीत घूस म्हणजे लाच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही खबर कुणाची, असं मला विचारून त्यांनी काकांना बोलावलं.

"घूस कौन खाता है?"

"खानारे खातान, सायेब. आमच्यात नाय खात."

"तो तुम क्या करते हो?"

"मी निस्ती धरतो. बिलात हात घालून."

काका 'ळ'चा 'ल' करायचे. साहेबांना गोदामाची बिलं आठवली आणि त्यांनी तिथल्या तिथे काकांना काढून टाकायचा हुकूम लिहायला घेतला. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, घूस यानी बड़ा चूहा!"

साहेबांचं पेन थांबलं. "बड़ा चूहा?" त्यांनी काकांना विचारलं. नुसती मान हलवली असती तरी नोकरी वाचत होती. मी काकांचा पाय दाबला.

"चुहा नाय!" काका गरजले आणि तरातरा बाहेर गेले. परत आले ते पिंजरा घेऊन. आतल्या जनावराने अंग फुगवून अशी काही धडक मारली की साहेब खुर्चीवरून थेट टेबलावर चढले.

"अरे, ये चूहा नहीं है!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी हुकूम फाडला, तिकडे काकांचं लक्षही नव्हतं. मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघून गलबलूनही आलं.

काका जाऊन कितीतरी वर्षं झाली. मला मात्र ते त्या दिवशीचेच दिसतात, पिंजरा माझ्या हातात कोंबून टेबलावरच्या साहेबांना हात जोडणारे.

"देवमानूस," ते माझ्या कानाशी म्हणाले. "एका नजरंत वलखली."