जागा आहे, पण सलग नाही

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चहाला उठलं की एक सांगितला जातो, त्याला लागून दुसरा येतो, आणि नवीन माणूस रुजू झाला की त्याला सगळे ऐकावेच लागतात. आमचं ऑफिस वसई पूर्वेला, एका औद्योगिक गाळ्याच्या माळ्यावर. बर्फाच्या कारखान्यांना आणि मच्छीमार बोटींना लागणारी छोटी यंत्रं आम्ही बनवतो, त्यांचे प्रोग्राम सी भाषेत लिहितो. साटम सर मालक, मेल्विन आणि प्राची कोड लिहिणारे, मी टेस्टिंगला.

निम्मे किस्से मेमरीचे. प्रोग्रामला काम करायला जागा लागते. ती मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. ऐकायला सोपं आहे.

*

अर्नाळ्याच्या एका बर्फ कारखान्यात आमचं यंत्र कितीतरी महिने बिनतक्रार चाललं. मग तिथले ऑपरेटर, भोईरमामा, लग्नाला गावी गेले आणि यंत्र बंद पडलं. मेल्विनने कोड उघडला. घेतलेली मेमरी एका ठिकाणी परतच होत नव्हती, थोडी थोडी करत संपून जायची. मग इतके महिने चाललं कसं?

मामा आल्यावर उलगडा झाला. रोज सकाळी कामावर आल्याआल्या ते यंत्राचं बटण बंद करून परत चालू करायचे. त्यात सगळी मेमरी मोकळी व्हायची.

"पण मामा, असं का करायचात?"

"हलवल्याशिवाय माझा पोरगा सकाळी उठत नाही," मामा म्हणाले. "ही तर मशीन."

*

त्यानंतर सरांनी ठरवलं की मेमरीचा कोड दर यंत्रासाठी नव्याने लिहायचा नाही. एकदाच नीट लिहायचा, आणि तोच छोट्या चिपवर, मोठ्या कॉम्प्युटरवर, कुठेही न बदलता चालला पाहिजे. त्यासाठी माणूस हवा होता, म्हणून विरारहून प्राची मुलाखतीला आली. सरांनी आमचा जुना कोड तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "घेतलेली मेमरी परत कुणी करायची?"

"ज्याने घेतली त्याने," ती म्हणाली. मग पुन्हा वरपासून वाचू लागली. "पण सर, इथे घेतलीय कुणी, तेच कळत नाही."

सरांनी मेल्विनकडे पाहिलं. मेल्विनने पंख्याकडे.

"सोमवारपासून याल?" सरांनी विचारलं.

*

प्राची आणि मेल्विनचा पहिला वाद शून्यावरून. प्रोग्रामने शून्य बाइट मागितले तर काय द्यायचं? मेल्विनच्या लॅपटॉपवर मेमरीचा एक पत्ता मिळायचा, चिपवर "काही नाही" असं उत्तर यायचं. त्यामुळे एकच कोड इथे चालायचा आणि तिथे अडायचा. बरोबर कोण, लॅपटॉप की चिप? शेवटी भाषेचे अधिकृत नियम उघडले. तिथे लिहिलं होतं, दोन्ही चालेल.

सर डबा उघडत म्हणाले, "दोघंही बरोबर असाल तर हे भांडण रिटायर होईपर्यंत चालेल. आपल्या घरापुरता एक नियम करा."

तेव्हापासून आमच्याकडे शून्य मागणाऱ्याला काहीही मिळत नाही.

*

एकदा चाचणीत बोटीवरच्या यंत्राने मोठा मेसेज घ्यायला नकार दिला. मेमरी शिल्लक दिसत होती, तरीही. प्राची सरांना समजावत होती, "सर, जागा आहे, पण सलग नाही. मध्ये मध्ये तुकडे मोकळे आहेत. मेसेज एकत्र बसायला हवा."

"जागा आहे म्हणतेस, मग बसत का नाही?" सरांना काही ते पटेना.

रविवारी सर सहकुटुंब नात्यातल्या लग्नाला गेले. तिथून प्राचीला फोन आला.

"पटलं. आम्हाला सगळ्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलंय."

*

आणि मग पाचूबंदरचा. तिथल्या काही बोटींवर आमची नवी यंत्रं चाचणीला होती. बोटीचं नाव, ठिकाण, आलेले मेसेज, सगळं ऑफिसच्या स्क्रीनवर आणि बाकीच्या बोटींवरही दिसायचं. त्यातली एक बोट मेल्विनच्या काकांची. मेमरी अगदीच संपली तर काय करायचं, यावर प्राचीने एक नियम घातला होता: यंत्राने थांबायचं नाही, एकेक गोष्ट सोडत जायची आणि ठिकाण शेवटपर्यंत धरून ठेवायचं.

एका दुपारी अचानक वारा फिरला. बोटी परतायला लागल्या आणि सगळ्यांनी एकमेकांना मेसेज पाठवायचा सपाटा लावला. आमच्या डोळ्यांसमोर काकांच्या बोटीचे मेसेज बंद झाले. मग नावही गेलं. उरला एक बिननावाचा ठिपका.

"तेच आहेत का ते?" मेल्विनने विचारलं. काकांना फोन लावत राहिला, पण लागेना. ठिपका कधी थांबायचा, कधी बाजूला सरकायचा, पुन्हा किनाऱ्याकडे वळायचा. तो वसईच्या किल्ल्याजवळ आला तसे आम्ही तिघं धक्क्याकडे जायला रिक्षात बसलो.

धक्क्यावर काका भिजलेल्या अंगाने दोर बांधत होते. मेल्विन त्यांना जाऊन बिलगला. बाकीच्या बोटवाल्यांनी काकांना आधीच सांगितलं होतं, तुझं नाव मशीनमधून गेलं म्हणून. त्यांनी प्राचीकडे पाहिलं.

"माझंच नाव का उडवलंस गं?"

"जागा नव्हती, काका," प्राची म्हणाली. "नाव सोडलं, तुम्हाला ठेवलं."

काकांनी दोराची गाठ ओढून पाहिली.

"नाव गेलं तर गेलं, पोरी. नाव आली ना?"